अष्टमीला पाहिलेला किनारा

गुडगावात मी बांधलेल्या पहिल्या समुद्रकिनाऱ्याला चार ट्रक वाळू लागली. गिऱ्हाईक होतं जमिनीच्या व्यवहारात वर आलेलं. त्यांच्या वडिलांनी ज्या शेतात मोहरी पेरली होती, तिथं आता नंबर घातलेला सेक्टर होता, आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी स्वतःचं फार्महाऊस बांधलं होतं. मुलीनं कुठल्याशा मासिकात समुद्रकाठचं लग्न पाहिलं होतं. समुद्र दिल्लीहून दूर पडतो, म्हणून समुद्रानंच यावं असं ठरलं. आम्ही खड्डा खणला, प्लास्टिक अंथरलं, टँकरनं पाणी भरलं, कापडी पानांचे माड उभे केले आणि वर निळे दिवे सोडले. लग्नाच्या संध्याकाळी मालक काठावर उभे राहिले, बराच वेळ पाण्याकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडमजी, बाकी सब ठीक है. लेकिन लहर नहीं आ रही."

मी माडांच्या आड दोन मजूर बसवले आणि त्यांच्या हातात फळ्या दिल्या. फेरे होईपर्यंत ते दोघं पाणी ढकलत होते. लाट आली. मुलीच्या आत्यानं तर चप्पल काढून पाय भिजवले. त्या दोघांना मी स्वतः वाढून जेवू घातलं. त्या रात्रीच्या सबंध मांडवात खरं काम त्यांनीच केलं होतं.

मी वीस वर्षं लग्नं पार पाडण्याचा धंदा केला. जुळवण्याचा नव्हे, जुळलेली लग्नं शेवटपर्यंत नेण्याचा. पूर्वी हे काम एखादा कर्ता काका करायचा. तो हलवायाशी भांडायचा, तंबूवाल्याला दम द्यायचा आणि शेवटी सगळ्यांवर रुसून बसायचा. नव्वदीनंतर गुडगाव-नोएडाकडं उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यात पगारदार मुलं राहायला आली, आणि त्यांचे काका मागं गावी राहिले. तेव्हा काकांची जागा भाड्यानं मिळू लागली. मी त्याआधी प्रदर्शनांतले स्टॉल उभारणाऱ्या एका कंपनीत नोकरी करत होते. तीन दिवसांत शहर उभं करायचं आणि चौथ्या दिवशी झाडून न्यायचं, एवढं तिथं शिकले. लग्नाला तेवढं पुरतं. रुसण्याचं कामही मीच करत असे, फक्त ते बिलात लावत नसे.

बाहेरच्यांना वाटतं, या धंद्यात कल्पकता लागते. कल्पकता गिऱ्हाइकाकडं हवी तेवढी असते. क्रेननं उतरणारी नवरी, जूनच्या उकाड्यात बर्फाचे हंस, हत्तीवर छत्री आणि छत्रीत पंखा. आमचं काम हत्ती फाटकातून आत येईल का, हे आदल्या दिवशी फूटपट्टी घेऊन पाहण्याचं. मी मोजणारी बाई होते. माझ्या मोजण्याचा मला गर्व होता, आणि ही गोष्ट त्या गर्वाचीच आहे.

खांबेटेकाका माझ्याकडं आले ते एका रविवारी सकाळी, हातात कापडी पिशवी घेऊन. केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. सारं आयुष्य सरकारी क्वार्टरात गेलेलं, आणि आता द्वारकेला दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट. पत्नी चार वर्षांपूर्वी गेलेली. एकुलती मुलगी अनुजा गुडगावच्या एका कंपनीत नोकरीला, आणि तिथल्याच करण सेठीशी तिचं ठरलेलं.

"मुलगा चांगला आहे," काका म्हणाले, "वडीलही वाईट नाहीत. फक्त मोठे आहेत."

सेठीसाहेबांचा मानेसरला कारखाना होता. मोटारींच्या दारा-खिडक्यांना ज्या रबरी पट्ट्या असतात, पाणी आत येऊ नये म्हणून, त्या ते बनवत. त्यांच्या यादीत बाराशे पाहुणे होते. खर्च आपणच करू, असं ते अगदी प्रेमानं म्हणाले होते. काकांना नेमकं ते प्रेमच नको होतं.

"सरोजताई, लग्न मुलीकडचं असतं. मी त्यांना सांगून बसलोय, आमच्या पद्धतीनं, आमच्या ऐपतीत, आम्हीच करू. तिची आई असती तर तिनं काय केलं असतं, तेवढंच मला करायचंय. पण बाराशे माणसं मी कुठं बसवू?"

तेव्हा मी त्यांना धंद्यातलं एक गुपित सांगितलं. स्वस्तात लग्न करायचं तर ते लांब करावं. दिल्लीत बोलावलं की बाराशे येतात, शिवाय त्यांचे ड्रायव्हर जेवतात. कोकणात बोलावलं की बाराशेतले अकराशे लोक प्रेमानं आशीर्वाद पाठवतात. वर समुद्रकिनारा म्हटलं की कुणी कंजूस म्हणत नाही. नव्या चालीचे म्हणतात. कोकण रेल्वे सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. निजामुद्दीनला गाडीत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी माडांत उतरायचं. काकांचं मूळ गावही त्याच पट्ट्यात होतं. ते ऐकत राहिले आणि मग पहिल्यांदा हसले.

सेठीसाहेबांना पटवायला मी स्वतः गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडमजी, आपको समंदर का तजुर्बा है?"

"सेठीसाहब, हमारा तो गाँव ही समंदर पर है," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. आमचं गाव समुद्रावर आहेच. मी तिथं नव्हते, एवढंच. माझा जन्म करोलबागेतला, शाळा करोलबागेतली, आणि समुद्र मी तोवर दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा मुंबईला, भेळ खाताना. पण दिल्लीत मराठी आडनाव असलं की लोक तुम्हाला समुद्र, शिवाजी महाराज आणि गणपती हे तिन्ही विषय आपोआप येतात असं धरून चालतात, आणि आपणही ते मोडून काढत नाही.

पाहणीला मी अष्टमीच्या दिवशी गेले. तिथीचा विचार केला नव्हता. त्या दिवशीचं तिकीट मिळालं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी तिथं कुणी क्रेन घेऊन जाईल. माडांची रांग, त्यापुढं रेती आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास हाकेच्या अंतरावर आलेला समुद्र. मी दोन दिवस त्याच्यावर पाळत ठेवली. पाणी जिथवर चढलं तिथं काठी रोवली, काठीपासून तीस पावलं मागं आले आणि मांडवाची जागा आखली. कागदावर नकाशा काढला. हत्तीचं फाटक मोजणाऱ्या बाईनं समुद्र मोजला.

माडांमागं मयेकरवहिनींचं घर होतं. चार खोल्या भाड्यानं द्यायच्या आणि जेवण करून घालायच्या. शेजारची घरंही त्यांनीच पाहुण्यांसाठी ठरवून दिली. तारीख ठरवताना मी म्हटलं, माघी पौर्णिमा. गुरुजींनी त्या दिवशीचा गोरज मुहूर्त चालेल म्हणून सांगितलं होतं. शिवाय माझा हिशेब असा, की संध्याकाळी लग्न, लगेच वाळूवर रिसेप्शन आणि वर पूर्ण चंद्र, म्हणजे दिव्यांचा आणि जनरेटरचा निम्मा खर्च वाचला.

वहिनी पोळी लाटता लाटता थांबल्या. "पुनवेलाच धरलंत?"

"मुद्दामच!" मी म्हणाले.

"मग ठीक," म्हणून त्या पुन्हा लाटू लागल्या.

या दोन शब्दांची आठवण मला पुढं अनेक वर्षं झोपेतही झाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर आम्ही मोजून ऐंशी माणसं गाडीतून उतरलो. सेठींच्या बहिणीनं बर्फाच्या पेटीत पंधरा किलो पनीर आणलं होतं, कारण कोकणात काय मिळेल याची तिला खात्री नव्हती. सेठीसाहेब विमानानं गोव्याला उतरून मोटारीनं आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बंसीलाल कामाला लागला. बंसीलाल हा माझा मांडववाला, मूळचा रेवाडीचा. त्यानं गुडगावातल्या कडक जमिनीत हजारो खांब रोवलेले. समुद्र त्या वेळी एवढा लांब होता की नीट दिसेना.

"मॅडमजी," तो म्हणाला, "ये तो बहुत पीछे है. फोटो में आएगा ही नहीं. थोडा आगे लगा दें?"

मी नकाशा पाहिला, समुद्र पाहिला आणि म्हणाले, "बीस कदम."

दहापर्यंत मांडव उभा राहिला. बांबूचे चार खांब, झेंडू आणि अबोलीच्या माळा, शहाळ्यांची तोरणं, ऐंशी खुर्च्या, मधून पांढरी सतरंजी. पुढं थर्माकोलच्या अक्षरांत दोघांची नावं. खरं सांगते, एवढ्या कमी पैशांत एवढं देखणं काम मी तोवर केलं नव्हतं. काका येऊन बघून गेले. एका खांबाला त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "हिच्या आईला हे झेपलं नसतं हो. तिला आवडलं मात्र असतं."

अकराच्या पुढं बंसीलालची हाक आली. "मॅडमजी, सतरंजी पे पानी किसने छिडका?"

कुणीच शिंपडलं नव्हतं. सतरंजीची पुढची कड ओली होती. मी तिकडं जाईपर्यंत दुसरी लाट आली आणि पुढच्या रांगेच्या खुर्च्यांखालून निघून गेली. तिसरी आली ती परत जायचं नाव घेईना. मागून मयेकरवहिनी पदर खोचून धावत आल्या, हाताला तांदळाचं पीठ तसंच.

"अहो ताई! मांडव इथं घातलात? आज पुनव! उधाणाचं पाणी पार माडांच्या मुळाशी येतं!"

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही मुद्दाम म्हणालात! मला वाटलं, दिल्लीवाल्यांचं काहीतरी असेल, पाण्यातलं लग्न."

पुढचा पाऊण तास गावचे कोळी, बंसीलालची माणसं, नवऱ्याचे मित्र आणि पनीरवाल्या आत्या, सगळ्यांनी खुर्च्या वाहिल्या. मागचे दोन खांब हाती लागले. पुढचे दोन माळांसकट गेले. थर्माकोलची अक्षरं सुटी होऊन हलत-डुलत निघाली. आधी करणची गेली, पाठोपाठ अनुजाची. त्यांचा क्रम मात्र शेवटपर्यंत बिघडला नाही. बंसीलालनं काम चोख केलं होतं.

वहिनींच्या पडवीत सेठीसाहेब बसले होते. ते उठले, काकांजवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "खांबेटेसाब, दिल छोटा मत करो. दो घंटे पर होटल है, उसका हॉल मैंने रोक रखा है. बस, ऐसे ही, एहतियात के लिए. बच्चों का काम रुकना नहीं चाहिए. और खर्चे की तो बात ही मत करना."

माणूस मनापासून बोलत होता. म्हणूनच त्याला नाही म्हणणं अवघड होतं. तेवढ्यात अनुजा आतून आली, हळद लागलेली, केस ओले.

"बाबा, मला हॉल चालेल. खरंच चालेल."

काकांनी मुलीकडं पाहिलं. आईच्या आजारपणात ती असंच 'चालेल' म्हणायची, हे त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. तेव्हा ते फक्त सेठींना म्हणाले, "भाईसाहब, एक घंटा दीजिए मुझे." आणि मला घेऊन विहिरीपाशी आले.

"सरोजताई, इथं होणार की नाही, तेवढं सांगा. नाही तर मी स्वतः जाऊन सेठींना हो म्हणतो. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते त्यांना कळता कामा नये."

"काका, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मला समुद्रातलं काही कळत नाही. मी करोलबागेची."

"ते मला ठाऊक होतं," काका म्हणाले. "पहिल्या भेटीत तुम्ही 'ओहोटी' म्हणण्याऐवजी 'लो टाइड' म्हणालात. मी काही बोललो नाही. मी तरी कुठं समुद्राकाठी वाढलो? ऑफिसात चाळीस वर्षं गावच्या समुद्राच्या गोष्टी सांगितल्या. गाव पाहिलं दोनदा. आता सांगा, करायचं काय?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी आयुष्यात फार कमी वेळा केलेली गोष्ट केली. वहिनींकडं गेले आणि काही न मोजता विचारलं, "वहिनी, हे पाणी संध्याकाळी कुठं असेल?"

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी समुद्राकडं पाहिलंसुद्धा नाही. "साडेबारापर्यंत चढेल, मग उतरेल. उधाण जेवढं आत येतं तेवढंच लांब जातं. सहाला पाहाल तर पार त्या खडकापलीकडं. मध्ये सगळी ओली वाळू, फरशीसारखी घट्ट. पोरं सायकली फिरवतात तिच्यावर. फक्त नवाच्या आत सगळं वर आणा. मग ते पुन्हा येईल."

"आणि अष्टमीला?"

"अष्टमीला त्याला कुठं जोर असतो?" वहिनी म्हणाल्या. "येतं थोडं, जातं थोडं. संध्याकाळी सहाला भरलेलं दिसतं, तेवढंच."

म्हणजे मी दोन दिवस पाळत ठेवली होती ती एका दुसऱ्याच समुद्रावर. काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. काका पडवीत गेले आणि ताठ उभे राहून म्हणाले, "भाईसाहब, शादी यहीं होगी. शाम को. पानी हट जाएगा."

सेठीसाहेबांनी समोर पाहिलं. पाणी माडांच्या मुळांशी आपटत होतं. "खांबेटेसाब," ते हळूच म्हणाले, "तीस साल से पानी रोकने का धंधा है मेरा. पानी किसी के कहने से नहीं हटता."

"छह बजे देखिए," काका म्हणाले.

दुपारभर कुणी जेवलं, कुणी जेवलं नाही. सेठींचा ड्रायव्हर मोटार पुसून तयार होता. मी वहिनींच्या ओट्यावर बसले होते, आणि समुद्र मला दाखवून दाखवून जागचा हलत नव्हता. काका माझ्या शेजारी येऊन बसले. आम्ही दोघं एका ओल्या दगडाकडं पाहत होतो. दोनच्या सुमारास तो दगड कोरडा पडू लागला. काकांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

साडेपाचला आमच्यापुढं काय होतं, हे गुडगावातल्या कुठल्याही सजावटवाल्याला जमलं नसतं. मैदानाएवढी सपाट ओली वाळू आणि तिच्यात सगळं आभाळ उतरलेलं. मांडव नव्हताच. काका म्हणाले, नको. पाट, अंतरपाट, होमाचं कुंड आणि वहिनींच्या दोन समया. दिल्लीच्या बायकांच्या टाचा त्या वाळूत रुतल्या, तेव्हा मी सगळ्यांना अनवाणी व्हायला सांगितलं. माडांखाली ऐंशी माणसांच्या पादत्राणांचा ढीग पडला. नवऱ्याचे जोडे पळवायला टपलेल्या अनुजाच्या मैत्रिणींना ढिगातून नेमके ते सापडेनात, म्हणून त्यांनी ढीगच ताब्यात घेतला.

घोडी मिळाली नव्हती. कोरड्या वाळूत चाक चालत नाही, म्हणून नवऱ्यानं चालत यायचं ठरलं होतं. आता चाक चालत होतं. वहिनींच्या दिरानं बैलगाडी काढली, उरलेला झेंडू बैलांच्या शिंगांना बांधला, आणि करण सेठी त्या आरशावरून गाडीत बसून आला. पाठोपाठ त्याचे वडील, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी. बाराशे पाहुण्यांपुढं ते तसे कधी दिसले नसते.

मंगलाष्टकं चालू असताना सूर्य गेला. मागं डोंगरावर चंद्र आला. तो समुद्रातून उगवणार नाही, एवढं तरी मला भूगोलातून ठाऊक होतं. अक्षता पडल्या. काकांनी मुलीचा हात दिला आणि तो सोडायला जरा वेळ घेतला. मी दुसरीकडं पाहिलं. समुद्र जागच्या जागी, खडकापलीकडं होता.

जेवण केळीच्या पानांवर झालं. वहिनींनी काकांच्या पंगतीला वालाचं बिरडं केलं होतं आणि सेठींच्या पंगतीला तळलेला मासा. पनीर शेवटी कुणीतरी बैलांना दाखवलं, असं ऐकलं. साडेआठला मी बंसीलालला खूण केली. पण त्याआधीच सेठीसाहेब उठले होते. दोन्ही हातांत दोन खुर्च्या घेऊन ते माडांकडं निघाले आणि काकांना म्हणाले, "चलो समधीजी, आपने समंदर से जितना टाइम लिया था, उतना हो गया." मग दोघं व्याही खुर्च्या घेऊन चालत गेले. नवाला पहिली लाट खडकाच्या अलीकडं आली, तेव्हा वाळूवर होमाची राख तेवढी उरली होती.

पुढं माझा फोन थांबेना. सेठीसाहेबांनी साऱ्या मानेसर-गुडगावात सांगितलं होतं, की खांबेट्यांच्या लग्नात समुद्र दुपारी मांडवापर्यंत आणून दाखवला आणि संध्याकाळी तीन तास मागं धरून ठेवला. लोक मला विचारत, "मॅडमजी, वो पानी हटानेवाला आयटम कितने का पडेगा?" मी नाही म्हणाले नाही. पंचांग उघडत असे आणि तारीख सांगत असे. त्यानंतर किनाऱ्यावर सहा लग्नं केली. प्रत्येक वेळी आधी गावातल्या एखाद्या वहिनीला विचारलं आणि प्रत्येक वेळी तिचं नाव पत्रिकेत, घरच्या मंडळींच्या रांगेत, छापून घेतलं. 'मुद्दामच' हा शब्द मात्र मी त्यानंतर वापरला नाही.

मी इतक्या लोकांना हत्तींवर बसवलं, पण त्या धंद्यातलं माझं सर्वांत चांगलं काम म्हणजे ज्यात माझं काहीच उरलं नाही ते लग्न. नकाशा चुकला, मांडव वाहून गेला, आणि काकांनी मुलीचं लग्न स्वतः लावून दिलं.

सेठींना खरं सांगावं, असं मला पुष्कळदा वाटलं. काकांनी सांगू दिलं नाही. काका आता ऐंशीच्या पुढं आहेत, द्वारकेलाच असतात. हा मजकूर अंकाला द्यायच्या आधी मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. अष्टमी, नकाशा, बीस कदम, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"छापू का?" मी विचारलं. "सेठींना कळेल."

"छापा," काका म्हणाले. "त्यांना मराठी वाचता येत नाही."